एक गुंठा जास्त

“अडीच,” हे म्हणाले आणि दोरीचं टोक बोटाभोवती गुंडाळत हसले. “तिसऱ्यांदाही अडीचच. आता तरी पटलं का, बाई?”

हे म्हणजे माझे यजमान, दिगंबर. शाळेतली पोरं मला बाई म्हणायची. चिडवायच्या लहरीत असले की हेही तसंच म्हणायचे.

दोरी माझ्या वर्गातली होती. चौथीला गुंठा शिकवताना मी तेहेतीस फूट लांबीची सुताची दोरी न्यायची. एक दोरी लांब आणि एक दोरी रुंद एवढी जमीन म्हणजे एक गुंठा. पोरांना मैदानात त्या चौकोनात उभं करायची. एकदा गुंठ्यात उभं राहिलं की तो पाठ करावा लागत नाही.

त्या दिवशी मात्र त्या दोरीनं आम्ही आमचं नशीब मोजत होतो. हिवरे फाट्यावर सोपानतात्या जगदाळ्यांनी रस्त्याकडेचा पट्टा बिनशेती करून त्याचे चार-चार गुंठ्यांचे चार तुकडे पाडले होते. तीन गेले होते. पहिल्यावर लोखंड्यांचं चहाचं हॉटेल, दुसऱ्यावर खताचं दुकान, तिसऱ्यावर रंगाचं. चौथा तुकडा तात्यांनी ह्यांच्यासाठी राखून ठेवला होता. ह्यांचं काम पाण्याच्या जळालेल्या मोटारींना नव्यानं तार भरून देण्याचं. दुष्काळाच्या साली तात्यांची मोटार दोनदा जळली आणि दोन्ही वेळा ह्यांनी बाकीची कामं बाजूला ठेवून ती करून दिली, हे तात्या विसरले नव्हते.

जागेची आम्हाला घाई होती. अकरा वर्षं ह्यांनी ज्या भाड्याच्या शेडमध्ये काम केलं, ती शेड मालकाला मुलासाठी हवी होती. मेअखेर रिकामी करायची होती. नाहीतर ह्यांना हत्यारं बांधून तालुक्याला जावं लागणार होतं, कुणाच्या तरी हाताखाली. पंचेचाळिसाव्या वर्षी.

रस्त्याच्या बाजूनं जागा दोन दोऱ्या भरली. आत, म्हणजे रस्त्याकडेच्या म्हसोबापासून मागच्या शिकेकाईच्या कुंपणापर्यंत, तीही दोनच भरायला हवी होती. दोन दुणे चार. पण ती अडीच भरत होती. कागदावर चार गुंठे, जमिनीवर पाच.

“एक गुंठा फुकट!” हे म्हणाले. “मागं गोदाम काढू. पुढं थेट म्हसोबाच्या रेषेत शटर, सगळ्यांसारखं. यष्टीतून उतरला माणूस की समोर पाटी.”

मी काही बोलले नाही. दोरी कोपरावर गुंडाळली आणि पिशवीत ठेवली.

चार दिवसांनी शाळा सुटल्यावर मी एकटीच तात्यांच्या घरी गेले.

तात्या ओट्यावर बसून बैलाची वेसण विणत होते. मला पाहून त्यांनी आत हाक दिली, “अगं, बाई आल्यात, च्या टाक.” मग माझ्याकडे वळून म्हणाले, “अक्षय तृतीयेला इसार करू. म्हसोबाला नारळ मी आणतो.”

फाट्यावरची ती रीतच होती. देणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं म्हसोबाच्या दगडावर हात ठेवायचा, ‘म्हसोबा ते कुंपण’ असं म्हणायचं आणि नारळ फोडायचा. तात्यांच्या वडिलांपासून असंच चाललं होतं. तुकड्यांचा नकाशाही तालुक्याला बसून कागदावरच काढलेला होता. जागेवर कधी कुणी मोजणीची साखळी आणली नव्हती.

“तात्या, त्याआधी एक काम होतं,” मी म्हटलं. “जागेची सरकारी मोजणी करून घेऊ या. फी आम्ही भरतो. पण अर्ज मालकालाच करावा लागतो, तुम्हाला.”

तात्यांचे हात थांबले.

“मोजणी? कशापायी?”

“खात्रीसाठी.”

“माझ्या तिन्ही पोरांना तुमी मोजाया शिकवलं. आता बापालाबी शिकवायचं म्हणता?” ते हसत होते, पण डोळे हसत नव्हते. “बाई, आजवर तीन तुकडं दिलं. कुणी साखळी मागितली न्हाय. म्हसोबा खोटं बोलंल व्हय?”

“आम्ही दोरीनं मोजली, तात्या. पाच गुंठे भरतेय.”

“कागदाव चार हायती.”

“म्हणून तर आले.”

तात्यांनी वेसण खाली ठेवली. “कमी भरली म्हणून बोंबलणारी माणसं बघितली मी. जास्त भरली म्हणून उंबऱ्याव आलेल्या तुमी पैल्याच. बरं, मग त्या गुंठ्याचं पैसं द्या आन मोकळ्या व्हा.”

“तुमचा असेल तर देईन. पण तो तुमचा आहे का, हे आधी कळायला नको?”

माझं हे बोलणं मात्र तात्यांना लागलं. चहा आला, तो त्यांनी घेतला नाही. “तालुक्याचा सिमेंटवाला शेठ रोज निरोप धाडतोय,” ते म्हणाले. “त्याला मोजणी नको, काय नको. दिगंबरनं माझं पीक वाचवलं म्हणून मी थांबलोय. तुमी घरला जावा. मी इचार करतो.”

घरी आले तर बातमी माझ्याआधी पोचली होती. लोखंडे दारात उभे होते, मागे खतवाले आणि रंगवाले. लोखंडे बोलायला मोठे आणि मनानं मोकळे होते, पण त्या दिवशी त्यांची नजर ठरत नव्हती.

“बाई, देवाच्या दारात साखळी ओढायची न्हाय,” ते म्हणाले. “चांगलं नसतंय ते.”

“कुणी सांगितलं?”

“सांगाया कशाला पायजे? इतकी वर्सं सुखात चाललंय. आता सरकारचा माणूस आला की धा जणांची लफडी निघत्यात.”

“तुमचं काही लफडं आहे का, लोखंडे?”

“आमचं कसलं? आमी आपलं तुमच्या भल्याचं सांगतो.” खतवाले खाली बघून पायानं माती उकरत होते.

ते गेल्यावर हे माझ्यावर उखडले. असं सहसा होत नसे.

“पस्तीस दिवस राहिलेत शेड सोडायला. पस्तीस! तात्याला दुखावलंस, शेजार दुखावलास. आणि कशासाठी? कमी नाही, जास्त जागा मिळतेय म्हणून?”

“अहो, पाया घातल्यावर कुणी येऊन म्हणालं की ही आमची, तर?”

“कोण येणार? मागं तात्याचंच शेत, बाजूला रंगवाले. पुढं रस्ता. रस्ता येतो का भांडायला?”

दोन दिवस हे माझ्याशी बोलले नाहीत. डबा मुकाट्यानं न्यायचे आणि घासून आणायचे. अकरा वर्षांत त्यांनी कधी डबा घासला नव्हता. त्यांचा राग किती खोल गेला होता, ते मला त्या चकचकीत डब्यावरून कळलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेत निघाले तर तात्या ह्यांच्या शेडच्या दारात मोटारीच्या खोक्यावर बसलेले दिसले.

“या,” ते म्हणाले. “कागद, पेन हाय का? अर्ज लिवा. मला सहीपुरतंच येतंय.”

“तात्या…”

“तुमी डोस्क्यात किडा सोडला, बाई. जेवताना पाच, चालताना पाच. म्हातारा गेला तवा म्हणाला हुता, सोपाना, दुसऱ्याचं ढेकूळबी आपल्या बांधावर नको. आता हे ढेकूळ न्हवं, आख्खा गुंठा हाय.” मग ह्यांच्याकडे वळून म्हणाले, “दिगंबर, सिमेंटवाल्याला थांब म्हणून सांगितलंय. पण महिन्याच्या वर मीबी थांबणार न्हाय.”

मी लिहिलं. तात्यांनी एकेक अक्षर कोरत सही केली. तातडीची फी भरली, आजूबाजूच्या जमीनवाल्यांना नोटिसा गेल्या आणि मे महिन्याच्या सोळा तारखेला मोजणी लागली. शेड सोडायला पंधरा दिवस राहिले होते.

मोजणीवाले गायधनी नावाचे गृहस्थ होते. बारीक, सावळे, डोक्यावर ओला रुमाल. तीन पायांचं टेबल, त्यावर नकाशा, आणि माझ्या दोरीएवढीच, तेहेतीस फुटांची साखळी ओढायला दोन माणसं. सगळा फाटा जमला होता. लोखंड्यांनी हॉटेलचा स्टोव्ह बंद केला होता.

मला वाटलं होतं, गायधनी म्हसोबापासून सुरुवात करतील. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही. ते मागे शेतातल्या जुन्या विहिरीकडे गेले, तिथून तात्यांच्या शेताच्या कोपऱ्याचा दगड शोधला, नकाशाशी ताडला आणि तिथून मोजत मोजत रस्त्याकडे यायला लागले. साखळी खणखणत सरकायची, एक माणूस “हां!” म्हणायचा, गायधनी टेबलावर वाकून बारीक रेघ ओढायचे. मला माझ्या वर्गाची आठवण झाली. वर्गात याच्या चौपट गोंगाट व्हायचा, एवढंच.

शिकेकाईचं कुंपण बरोबर हद्दीवर निघालं. तिथून ते पुढे आले. एक साखळी. दुसरी साखळी. आणि गायधनींनी हात वर केला.

“बस. हद्द इथं.”

ते उभे होते तिथून म्हसोबा अजून सहा पावलं पुढे होता.

“सायेब, म्हसोबा तितं हाय,” लोखंडे ओरडले. “हद्द म्हसोबापाशी हाय!”

“देव कुठं बसलाय ते माझ्या नकाशात नाही,” गायधनी शांतपणे म्हणाले. “तुमच्या हद्दीचा दगड कुठं होता, ते आहे. इथून पुढची अर्धी साखळी रस्त्याची. याही तुकड्यात, आणि त्या तिन्ही तुकड्यांतही.”

तिन्ही दुकानांची शटरं म्हसोबाच्या रेषेत होती.

“दगड पुरा,” गायधनींनी माणसाला सांगितलं. त्यानं पहार मारली. हातभर खड्डा झाला असेल, तर पहारीला माती लागेना, काहीतरी कुडुमकुडुम वाजायला लागलं. त्यानं हातानं उपसलं. लाल खपल्या होत्या, बोटाएवढ्या जाड. खाली नारळाच्या करवंट्या, काळ्या पडलेल्या.

तात्या पुढे झाले. त्यांनी एक खपली उचलली, उन्हात धरली, वास घेतला. “शेंदूर हाय,” ते म्हणाले.

तेव्हा गर्दीतून बायजाक्का पुढे आल्या. फाट्यावरच्या सगळ्यांत म्हाताऱ्या. काठी टेकत खड्ड्यापाशी आल्या आणि वाकून पाहिलं.

“मग! देव हितंच हुता की,” त्या म्हणाल्या. “मी लगीन हून आले तवा हितं पानी घालायची. डांबरी झाली त्या साली म्होरं नेला.”

“कुणी नेला, आक्का?” तात्यांचा आवाज बारीक झाला होता.

“तुझ्याच बापानं, आन माझ्या मालकानं. यष्टी सुरू झाली. यष्टीतल्या लोकास्नी देव दिसंना, झुडपाच्या आड हुता. मग वाजवत नेऊन म्होरं बशिवला. जेवान घातलं गावाला. तू तवा मामाच्या गावाला ऱ्हायला हुतास.”

हद्दीच्या दगडालाच शेंदूर लावून गावानं देव केला होता. मग देव सोयीसाठी सरकवला. पुढे देव सरकल्याचं लोक विसरले, आणि हद्द मात्र त्याच्यापासूनच धरत राहिले.

तात्या खड्ड्याच्या कडेला बसले. टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

“म्हंजी मी तिघांस्नी देवाच्या नावाव सरकारचा रस्ता इकला,” ते म्हणाले. “देवाव हात ठिवून.”

माझ्यामुळे त्या माणसाची सगळ्या गावासमोर ही दशा झाली होती. मी त्यांच्याजवळ गेले, पण माझ्याआधी लोखंडे त्यांच्यासमोर उकिडवे बसले.

“तात्या, तसं न्हाय ते,” ते खाकरले. “तुमी चारच इकलं. पैसंबी चारचंच घेतलं. पाचवा… पाचवा आमी गप गिळला.”

“म्हंजी?”

“जागा घेतली त्याच हप्त्यात मी दोरीनं मोजली हुती. पाच भरली. म्हटलं, तात्याची नजरचूक. बोललो न्हाय कुनाला.”

तात्यांनी खतवाल्यांकडे पाहिलं. खतवाले रंगवाल्यांकडे पाहायला लागले.

“तुमीबी?”

“टेपनं,” खतवाले पुटपुटले.

“आन तू रं?”

“बायकोनं मोजायला लावली हुती,” रंगवाले म्हणाले.

तात्या एकेकाकडे बघत राहिले. मग त्यांच्या पोटातून हसू वर आलं. आधी खांदे हलले, मग सगळे तात्याच हलायला लागले. “तिघंबी चोर!” ते हसत म्हणाले. “आन चोरी कशाची, तर डांबरीची! अरं, मोजणी लागली तवा तुमी का भ्यालता ते आत्ता कळलं. तुमाला वाटलं, सोपान गुंठा परत मागंल!” मग सगळा फाटा हसला. गायधनींनीसुद्धा रुमालानं तोंड पुसायचं निमित्त केलं.

हे मात्र हसत नव्हते. हद्दीवर उभे राहून रस्त्याकडे पाहत होते. त्यांच्या खिशात दुकानाचा नकाशा होता, वहीच्या पानावर काढलेला. शटर म्हसोबाच्या रेषेत.

मी जवळ गेले. “अर्धी दोरी मागं जाईल दुकान,” मी हळूच म्हटलं.

“सगळ्यांच्या मागं. दिसणार कुणाला?” मग त्यांनी कागद काढला, खतवाल्यांची पेन्सिल मागून घेतली आणि टेबलावर ठेवून शटर खोडलं. नवीन रेघ मागे ओढली. “गायधनीसाहेब, जरा बघा बरं. आता बरोबर आहे?”

गायधनींनी पाहिलं आणि मान हलवली. मग माझी खात्री झाली, की आम्ही ही जागा घेणार.

मोजणीचा नकाशा जोडून खरेदी झाली. मेअखेर शेड सोडली आणि नव्या जागेवर चार बांबूंवर पत्रा टाकून ह्यांनी काम सुरू केलं. भिंती दिवाळीपर्यंत झाल्या. म्हसोबाला गावानं पुन्हा वाजतगाजत मूळ जागी आणलं. मूळ जागा म्हणजे आमचा पुढचा कोपरा. तात्या त्या दिवशी गंमतीनं म्हणाले, “बाई, देवालाबी तुमच्या वर्गात बसवलं तुमी.” आणि दुकान दिसलं नाही असं काही झालं नाही. उलट पुढच्या मोकळ्या पट्ट्यात बैलगाडी, ट्रॅक्टर थेट दारापर्यंत यायचे. रस्त्यात गाडी थांबवून मोटार उचलून आणायला नको, म्हणून शेतकरी आमच्याकडेच वळायचे. ह्यांनी तिथे एक कडुनिंब लावला.

त्याला अठरा वर्षं झाली आणि रस्ता रुंद करायची माणसं आली. एक इंजिनिअर, एक टेप, आणि लाल रंगाचा डबा घेतलेला एक माणूस. मी तेव्हा निवृत्त झाले होते आणि दुकानाच्या पायरीवर बसून आजूबाजूच्या पोरांचा अभ्यास घ्यायची. पोरं वह्या टाकून मोजायला पळाली.

रंगवाल्यांच्या पुढच्या भिंतीवर मोठी लाल फुली पडली. खतवाल्यांच्या ओट्यावर पडली. लोखंडे मात्र शहाणे निघाले. मोजणीनंतर त्यांनी पक्कं बांधकाम हद्दीच्या आत घेतलं होतं आणि पुढे नुसती पत्र्याची पडवी ठेवली होती. तिच्यावर फुली पडल्यावर त्यांनी पाना मागवला आणि नटबोल्ट सोडवायला बसले. माणूस मग आमच्याकडे आला. टेप ओढला. तो म्हसोबाच्या दगडापाशी येऊन संपला. कडुनिंबाला फुली मारून तो पुढे गेला.

हे पायरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. केस पांढरे झाले होते, बोटं तांब्याच्या तारेनं कायमची चिरलेली.

“एक विचारू?” ते म्हणाले. “त्या दिवशी दोरी गुंडाळलीस, तेव्हा काही बोलली नाहीस. चार दिवस गप्प होतीस. मला वाटलं, पटलं तुला.”

“पटलंच होतं,” मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

हे मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं. त्या चार दिवसांत मी त्या जास्तीच्या गुंठ्याचं सगळं ठरवलं होतं. मागे ह्यांचं गोदाम आणि त्याच्या एका बाजूला माझी खोली. तिथे पोरांना शिकवेन, पाट्या-पुस्तकं ठेवेन, खिडकी पूर्वेला काढेन. पडद्याचा रंगसुद्धा ठरला होता.

“मग?”

“चौथ्या दिवशी वर्गात गुंठ्याची गणितं तपासत होते. यास्मिन मुलाणीची पाटी होती. उत्तर चार यायचं, तिनं पाच लिहिलं होतं. मी फुली मारायला खडू उचलला तर ती म्हणाली, ‘बाई, जास्तच आलंय ना, कमी तर नाही आलं.’”

“आणि तू?”

“मी तिला म्हटलं, ‘जास्त आलं तरी चूकच.’ तिनं लगेच पुसून चार लिहिलं आणि पाटी पुन्हा माझ्यापुढं धरली. माझा खडू तसाच हातात राहिला. संध्याकाळी मी तात्यांकडे गेले.”

समोर लोखंडे नटबोल्ट मोजून डब्यात टाकत होते. मग ह्यांनी शेजारच्या पोराच्या हातातला खडू घेतला, उठले, आणि दुकानाच्या पुढच्या भिंतीवर, जिथं लाल फुली पडली नव्हती तिथं, एक भली मोठी बरोबरची खूण काढली.

पोरं टाळ्या वाजवायला लागली. हे मागे सरून खूण न्याहाळत म्हणाले, “पैकीच्या पैकी, बाई.”